नऊ व्होल्टची गुणगुण

एलियावा बाजारात माझा गाळा शेवटून तिसरा.
अलीकडे गाड्यांचे आरसे, पलीकडे नळाच्या तोट्या,
मधे मी, आणि मेलेल्या यंत्रांचे जिवंत अ‍ॅडॉप्टर
कांद्याच्या माळांसारखे टांगलेले.

त्सियाला आली ती बिस्किटाचा डबा काखोटीला मारून.
डब्यात कणभर माइक, बोटभर सर्किट,
डाग तिनेच दिलेले, ढेकळांसारखे, पण पक्के.
"दुशेतीला माझ्या मधमाश्यांच्या पाच पेट्या आहेत.
हिवाळ्यात झाकण उघडलं तर गारठून मरतात.
न उघडता कळायला हवं, आहेत की गेल्या.
याला वीज कुठली देऊ?"

मी सगळ्यांना सांगतो तेच शहाणपण सांगितलं:
व्होल्ट मोजून घ्यायचे, बुटाच्या मापासारखे.
अँपिअर मात्र हात सैल सोडून.
सुप्राच्या टेबलावर ताटांवर ताटं रचलेली असतात
म्हणून पाहुण्याचं पोट फुटत नाही,
तो भुकेपुरतंच उचलतो.
आणि पिनेचं अधिक आत की बाहेर, तेवढं बघा;
उलटं लागलं तर आधी वास येतो, मग पश्चात्ताप.

तिने सगळं निमूट ऐकून घेतलं.
तिसेक वर्षं शाळेच्या प्रयोगशाळेत
ती पोरांना हेच शिकवत होती,
ते मला फार नंतर कळलं.

हलके अ‍ॅडॉप्टर मी दाखवलेच नाहीत,
ते कानात बारीक शिट्टी घालतात.
दिला तो जुना, जड, ट्रान्सफॉर्मरवाला,
पाच लारींना.
हातात घेतला की वाटावं, याच्यात काहीतरी आहे.

जानेवारीत तिचा फोन:
"ऐकू येतायत, बाद्री! खोल, रात्रभर. थकतच नाहीत."
मी झाझाला माझ्या पैशाने चहा पाजला.
फेब्रुवारीत पुन्हा:
"पाचही पेट्या. अगदी एका सुरात."

एका सुरात.
तिथेच माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता.

मार्चमध्ये बर्फाने दुशेतीची तार तोडली.
तिने टॉर्च, रेडिओ, भिंतीवरचं घड्याळ, सगळं उसवून
सहा सेल जमवले, चिकटपट्टीने एका ओळीत बांधले,
हेडफोन लावला.

गुणगुण गेली होती.

दोन महिने ती माश्या ऐकत नव्हती.
भिंतीतली वीज ऐकत होती,
माझ्या गाळ्यातल्या वाळक्या कपॅसिटरने
न गाळता पुढे ढकललेली.

आम्हा दोघांनाही शंका कशी आली नाही?
त्र्याण्णवच्या हिवाळ्यात दिवसाला दोन तास वीज यायची.
बल्ब पेटायच्या आधी स्वयंपाकघरात फ्रिज घुरघुरायचा,
आणि आई कोट न घालताच जिन्यात धावायची,
शेजाऱ्यांना सांगायला.
त्या आवाजाला जीव म्हणायची सवय
तेव्हाच कधीतरी लागली असेल.

तिचा आवाज रागावलेला नव्हता. तेच वाईट.
"पहिलीत काही नाही," ती म्हणाली.
बर्फातून चालल्याचा कचकच आवाज.
"दुसरीत नाही."
कचकच.
मी मल्टिमीटरची लाल तार
बोटाला गुंडाळत होतो, सोडत होतो.
"तिसरीत... थांब."

तिने हेडफोन फोनला टेकवला असावा.
आधी निव्वळ शांतता, सेलवालीच असते तशी, धुतलेली.
मग फार आतून काहीतरी
वर जाणारं, मधेच विसरणारं, पुन्हा धरणारं,
पाहुणे गेल्यावर पलीकडच्या खोलीत
घरची माणसं हळू बोलतात, तसं.

चौथीकडे ती गेली की नाही,
मला ऐकू आलं नाही. फोनची बॅटरी संपली, तिची.

सोमवारी मी सहा सेलचा होल्डर बाजूला काढला,
स्विचवाला. त्यावर बाद्रीचा हिशोब म्हणून
पाच लारी उलट्या लिहिल्या.
नवे सेलही ठेवलेत. तारीख तपासून.